अंगावर पुन्हा पुन्हा पित्त उठतं? एकदा थायरॉइडही तपासा

आरोग्याचा पाठ
(गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.)

सख्यांनो,

बचत किती जमली, अंतर्गत कर्ज कुणी घेतलं, परतफेड कुणाची राहिली, हा हिशोब आपण दर बैठकीला न चुकता करतो. दशसूत्रीत आरोग्याचंही एक सूत्र आहे. पण त्या सूत्राची वेळ आली की कुणाची भाजी चुलीवर असते, कुणाला शेवटची एसटी गाठायची असते. मग तो विषय पुढच्या बैठकीवर जातो.

म्हणून या महिन्याचा पाठ अशा दुखण्यावर घेतला आहे, जे बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. ते म्हणजे अंगावर पित्त उठणं. यात जीव सहसा जात नाही, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. पण झोप जाते, काम होत नाही, पैसा जातो. आणि काही जणींच्या बाबतीत या पित्तामागे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा आजार लपलेला असतो. तो सापडला तर औषध साधं आणि स्वस्त आहे. सापडलाच नाही, तर बाई आतून खचत जाते.

आपण नक्की कशाबद्दल बोलतोय?

अंगावर लाल किंवा फिकट फुगवटे येतात. डास चावल्यासारखे लहान असतात, नाहीतर भाकरीएवढे मोठे. प्रचंड खाज सुटते. आपल्याकडे कुणी म्हणतं पित्त उठलं, कुणी म्हणतं गांधी उठल्या. वैद्य त्याला शीतपित्त म्हणतात, डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात. कधी कधी ओठ किंवा डोळ्यांच्या पापण्याही सुजतात.

खाज तर खरूज, गजकर्ण, घामोळं यांचीही येते. मग पित्त ओळखायचं कसं? त्याची एक सोपी खूण आहे. फुगवटा उठला की त्याच्याभोवती बॉलपेनने गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पित्ताचा फुगवटा साधारण २४ तासांच्या आत त्या गोलातून नाहीसा झालेला असतो. मागे डाग राहत नाही. दुसरीकडे नवा उठला असेल, ती गोष्ट वेगळी. फुगवटा त्याच जागी दोन-तीन दिवस राहिला, खाजेपेक्षा दुखला जास्त, किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेला, तर ते साधं पित्त नसेल. तेव्हा डॉक्टरांना लवकर दाखवा.

वीटभट्टीवर, शेतात खत टाकताना किंवा कारखान्यात रसायन हाताळताना त्वचेला जी आग होते, तीही वेगळी. ती जिथे लागलं तिथेच येते आणि कित्येक दिवस राहते.

आता दुसरी खूण, दिवसांची. पित्त चार दिवस उठलं आणि गेलं, तर फार काळजी नको. एखादा ताप, एखादं औषध, एखादा पदार्थ निमित्त झालेला असतो. पण रोज किंवा एकाआड एक दिवस उठतंय आणि त्याला सहा आठवडे उलटून गेले, तर ते जुनाट पित्त झालं. आजचा पाठ या जुनाट पित्ताबद्दल आहे. ते पुरुषांपेक्षा बायकांत जवळपास दुप्पट दिसतं आणि बहुतेक वेळा ऐन कामाच्या वयात सुरू होतं.

'पित्त' या शब्दाने होणारा घोटाळा

मराठीत दोन वेगळ्या त्रासांना आपण एकच शब्द वापरतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकं चढणं हेही पित्त. अंगावर फुगवटे येणं हेही पित्त. त्यामुळे अंगावर उठलं तरी बाई मेडिकलमध्ये जाऊन "पित्ताची गोळी द्या" म्हणते. दुकानदार पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी हातात देतो. ती गोळी पोटाची आहे, त्वचेवरच्या फुगवट्यांना तिचा काय उपयोग? महिना जातो, पित्त तिथेच.

तेव्हा दवाखान्यात किंवा दुकानात नुसतं "पित्त झालंय" म्हणू नका. "अंगावर फुगवटे उठतात, खाज येते, इतके आठवडे झाले," असं सांगा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत फुगवटे विरून गेलेले असतात, म्हणून ते उठलेले असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या फोटोने डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

घरचे उपायही याच गोंधळातून लांबतात. आमसुलाचं पाणी लावलं, घोंगडी पांघरली की खाजेला थोडा वेळ बरं वाटतं. वाटू द्या, त्यात वाईट काही नाही. पण सहा आठवड्यांनंतरही तेवढ्यावरच थांबणं बरोबर नाही.

राखणदार घरच्याच माणसाला चोर समजला तर?

आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक व्यवस्था असते, तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. शेताच्या राखणदारासारखं तिचं काम आहे. बाहेरचा जंतू आला की ओळखायचा आणि हाकलायचा. पण कधी कधी हा राखणदार चुकतो. घरच्याच माणसाला चोर समजून त्याच्यावर काठी उगारतो. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. स्वतःच्या शरीराविरुद्ध स्वतःचीच ताकद उलटते.

त्वचेखाली काही पेशी असतात, त्यांना मास्ट पेशी म्हणतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. ते सुटलं की त्या जागी खाज आणि सूज येते. जुनाट पित्तात पुष्कळदा राखणदाराची ही चूकच मास्ट पेशींना डिवचते. म्हणून वांगं खाल्लं नाही, सुकट खाल्ली नाही, तरीही पित्त उठतं. कारण बाहेरून आलेलं नसतंच.

आता थायरॉइड. गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. शरीराचा वेग ती ठरवते. राखणदार तिच्यावर उलटला की ग्रंथी हळूहळू झिजते आणि तिचं काम कमी पडतं. जपानचे डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली चार रुग्णांच्या ग्रंथी तपासून हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. त्या चारही बायका होत्या. आजही हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो आणि घराण्यात चालत येतो.

ज्या शरीरात राखणदार एका जागी चुकतो, त्याच शरीरात तो दुसऱ्या जागीही चुकण्याची शक्यता वाढते. जुनाट पित्त आणि थायरॉइड यांचा संबंध तो हा.

डॉक्टरांच्या नोंदी काय सांगतात?

कॅनडातल्या टोरांटोमध्ये १९८३ साली डॉक्टरांनी जुनाट पित्ताचे १४० रुग्ण तपासले. त्यातल्या १७ जणांत थायरॉइडवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या खुणा मिळाल्या. पुढे १९८९ साली त्यांनीच ६२४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात असे ९० जण निघाले, म्हणजे दर १०० मागे १४.

इस्रायलमध्ये २०१२ साली याहून मोठी नोंद प्रसिद्ध झाली. जुनाट पित्ताचे १२,७७८ रुग्ण एका बाजूला आणि पित्त नसलेली १० हजारांहून जास्त माणसं दुसऱ्या बाजूला. पित्त असलेल्यांत दर १०० मागे जवळपास १० जणांचा थायरॉइड कमी होता. पित्त नसलेल्यांत १०० मागे एकाचाही नव्हता. या नोंदीतून आणखी एक गोष्ट कळली. पित्ताच्या रुग्णांना असे आजार पुष्कळदा पित्त सुरू झाल्यानंतरच्या दहा वर्षांत कळले. म्हणजे पित्त आधी, थायरॉइड नंतर. त्या बाईला पित्ताने आधीच सावध केलेलं असतं.

आपल्या देशातलंही बघू. आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची थायरॉइड तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या आठांत मुंबई आणि गोवा होते. दर १०० पैकी जवळपास ११ जणांचा थायरॉइड कमी निघाला. बायकांत हे प्रमाण १०० मागे जवळपास १६ होतं. ज्यांचा कमी निघाला, त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना तोपर्यंत पत्ताच नव्हता.

पण सख्यांनो, याचा उलटा अर्थ काढू नका. पित्त उठलं म्हणजे थायरॉइड आहेच, असं नाही. पित्ताच्या बहुतेक बायकांचा थायरॉइड चांगलाच असतो. आणि थायरॉइड असलेल्या बहुतेकींना पित्त उठत नाही. या आकड्यांतून एवढंच घ्यायचं की जुनाट पित्त असलेल्या बाईने थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, ती राहून जाऊ देऊ नये.

आळशी नाही, आजारी आहे

समजा, मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या गावातली एक ताई आहे. वय ३२. वर्षभर अंगावर पित्त उठतंय. रात्री खाजेने झोप नाही. शिवाय हल्ली लावणीच्या कामाला गेली की दुपारपर्यंतच गळून जाते. वजन वाढलंय, पण जेवण तेवढंच आहे. केस हातात येतात. पाळीला अंगावरून फार जातं. इतरांना उकडतं तेव्हा तिला गारठा वाटतो. आवाज जाड झालाय, शौचाला साफ होत नाही, गोष्टी विसरते, उगाच रडू येतं. सासू म्हणते, सून आळशी झाली. नवरा म्हणतो, हिला कामच नको. तिलाही वाटायला लागतं की दोष आपलाच आहे.

यातली एकेक खूण वेगळी घेतली तर प्रत्येकीला काहीतरी कारण सापडतं. अशक्तपणा आहे, वय झालं, टेन्शन आहे. पण सगळ्या एकत्र मांडल्या की थायरॉइड कमी असल्याचं चित्र उभं राहतं. तो तसाच राहिला तर दिवस राहायला अडचण येते, गर्भ पडण्याचा धोका वाढतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षातही थायरॉइड बिघडू शकतो. तेव्हा "बाळंतिणीचा अशक्तपणा" म्हणून सोडून देऊ नका.

काही जणींत उलट होतं. थायरॉइड जास्त काम करतो. तेव्हा छातीत धडधड, हाताला कंप, घाम, खाऊनही वजन उतरणं, अशा खुणा दिसतात. त्याचंही पित्ताशी नातं आढळलं आहे.

कोणती तपासणी करायची?

पहिली तपासणी टीएसएच. साध्या रक्तातून होते. तिचा आकडा वाचताना बायका गोंधळतात. टीएसएच जास्त आलं की "माझा थायरॉइड वाढलाय" म्हणतात. खरं तर उलट असतं. वीटभट्टीवरचा मुकादम आठवा. मजुरांचं काम चांगलं चाललं असेल तर मुकादम गप्प असतो. काम मंद झालं की तो ओरडतो. टीएसएच हा मेंदूकडून येणारा मुकादमाचा आवाज आहे. आवाज मोठा, म्हणजे ग्रंथी मंद. आवाज फारच बारीक, म्हणजे ग्रंथी जरुरीपेक्षा जास्त धावतेय. आकडा थोडासा इकडेतिकडे असेल तर लगेच घाबरू नका. डॉक्टर सोबत टी-४ बघतात किंवा काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

दुसरी तपासणी टीपीओ अँटीबॉडी. राखणदार थायरॉइडवर उलटलाय का, हे तिच्यातून कळतं. जुनाट पित्ताच्या उपचारासाठी जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत, त्यात तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णासाठी ही तपासणी सुचवली आहे. सोबत रक्ताची साधी मोजणी म्हणजे सीबीसी, आणि ईएसआर किंवा सीआरपी.

टीपीओ अँटीबॉडी निघाली आणि टीएसएच बरोबर असेल, तर आज थायरॉइडची गोळी लागत नाही. पण पुढे थायरॉइड बिघडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण वर्षातून एकदा, टीएसएच करायचं. दिवस राहायचा विचार असेल किंवा दिवस राहिले असतील तर ही गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आणि आशाताईला सांगायची.

केस गळतात म्हणून कुणी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल, तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांनी थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

आता न करायच्या तपासणीबद्दल. "शंभर पदार्थांची ॲलर्जी टेस्ट" म्हणून हजारो रुपयांचं पॅकेज विकलं जातं. जुनाट पित्ताला खाण्यातली ॲलर्जी क्वचितच कारण असते. खाण्याची खरी ॲलर्जी असेल तर तो पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास होतो, आणि बहुधा दर वेळी होतो. ते बाईच्या स्वतःच्याच लक्षात येतं. पॅकेजच्या कागदावर मात्र दहा-पंधरा पदार्थांपुढे खूण येते. मग ती डाळ सोडते, अंडं सोडते, सुकट, बोंबील, शेंगदाणे सोडते. पित्त जात नाही, अंगातलं रक्त तेवढं कमी होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना रक्तक्षय आढळला होता. आपल्याला ताटातलं काढून टाकणं परवडणारं नाही. टीएसएच काही शे रुपयांत होते. गटातून कर्ज काढून ॲलर्जीचं पॅकेज करण्याआधी हा फरक लक्षात ठेवा.

दोन त्रास, दोन औषधं

पित्ताला पित्ताचं औषध आणि थायरॉइडला थायरॉइडचं. एकाने दुसरं बरं होईल असं धरून चालू नका.

जुनाट पित्तावर पहिलं औषध म्हणजे हिस्टामिनला अडवणारी, झोप कमी आणणारी गोळी. लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही त्यांची नावं. ती उठलं की घ्यायची नसते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस रोज घ्यायची असते, पित्त उठो न उठो. आपलं चुकतं ते इथे. दोन दिवस बरं वाटलं की आपण पाकीट फडताळात ठेवतो. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात. ती आपल्या मनाने वाढवू नका. त्यानेही नाही थांबलं तर तज्ज्ञांकडे ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. ती महाग आहेत, पण बहुतेकींना तिथवर जावं लागत नाही.

जुन्या पद्धतीच्या गोळ्या, जशी एव्हिल, फार गुंगी आणतात. ती घेऊन विळा हातात धरणं, स्कूटी चालवणं किंवा गर्दीच्या लोकलच्या दारात उभं राहणं धोक्याचं आहे.

"एक इंजेक्शन द्या, लगेच उतरतं," हा आग्रह सोडा. लगेच उतरवणारं ते इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. मोठा त्रास झाला तर डॉक्टर थोडे दिवस देतात, ते ठीक. पण दर आठवड्याला घेत राहिलं तर साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, तोंडावर सूज येते.

अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, यांनी काही जणींचं पित्त वाढतं. दिवसभर कंबर मोडून लावणी केल्यावर आपण त्या सहज घेतो. म्हणून पित्त उठलं त्या दिवशी कोणती गोळी घेतली होती, ते लिहून ठेवा. परकराची नाडी, घट्ट ब्लाउज, डोक्यावरच्या ओझ्याची चुंबळ, जिथे दाब पडतो तिथेही काहींना उठतं. नाडी सैल बांधा, ओझं थोडं थोडं न्या.

आता थायरॉइड. टीएसएचवरून ग्रंथी कमी पडल्याचं ठरलं तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. ग्रंथी जे बनवू शकत नाही, तेच ही गोळी भरून काढते. त्यामुळे "एकदा लागली की सवय लागते" ही भीती नको. या गोळीने थकवा, पाळी, वजन हळूहळू ताळ्यावर येतं. काही जणींचं पित्तही कमी होतं, सगळ्यांचं नाही. थायरॉइड बरोबर असताना नुसतं पित्तासाठी ही गोळी मागू नका, शेजारणीची तर घेऊच नका. जरुरीपेक्षा जास्त झाली तर छातीत धडधड आणि हाडांची झीज होते.

धीर देणारी गोष्ट अशी की जुनाट पित्त बहुतेकींचं काही महिन्यांत किंवा काही वर्षांत आपोआप थांबतं. तोवर ते औषधाने आवरून रोजचं काम, झोप आणि मन ठीक ठेवायचं. ते संसर्गजन्य नाही. एका पातेल्यात खाल्ल्याने, एका पांघरुणात झोपल्याने कुणाला होत नाही. नजरेचाही त्यात काही संबंध नाही.

थायरॉइडची गोळी घ्यायची रीत

१. सकाळी उठल्यावर, उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर.
२. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नको. कोरा चहासुद्धा नको. चहाबरोबर घेतली तर गोळी अंगी नीट लागत नाही.
३. रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. गरोदर बाईला या तिन्ही गोळ्या चालू असतात आणि ती सोयीसाठी एकदमच घेते. मग टीएसएच खाली येत नाही आणि मात्रा उगाच वाढते.
४. सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा.
५. दिवस राहिले तर गोळी बंद करू नका. उलट मात्रा वाढवावी लागते. लगेच डॉक्टरांना भेटा.

मिठाचं काय?

"थायरॉइडला आयोडीन वाईट, खडे मीठ खा," असे निरोप मोबाइलवर फिरतात. भाईंदरकडच्या मिठागरांचं खडे मीठ आपल्या जिल्ह्याला परकं नाही. पण मिठागरातून थेट आलेल्या मिठात आयोडीन मिसळलेलं नसतं. देशात २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनयुक्त मीठच विकण्याचा नियम आहे, कारण आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूचं नुकसान होतं. मासळी खारवायला, लोणच्याला खडे मीठ वापरा. रोजच्या भाजी-आमटीला आयोडीनचंच राहू द्या. मात्र आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या किंवा पावडरी मनाने घेऊ नका. राखणदार उलटला असेल तर त्याने आजार वाढू शकतो.

ही खूण दिसली तर थांबू नका

पित्ताबरोबर जीभ किंवा घसा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, आवाज बसला, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, सारखी उलटी झाली, तर ती तातडीची वेळ आहे. आमसूल शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात न्या.

जायचं कुठे?

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून पुढे शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर ही रुग्णालयं आहेत. मोठ्या तपासण्यांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, सायन आणि केईएम रुग्णालय लोकलच्या वाटेवर आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. टीएसएच तिथे होते का, त्वचेची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आशाताईकडून आधी विचारून निघा. नाहीतर एक मजुरीही बुडते आणि गाडीभाडंही वाया जातं.

जाताना तीन गोष्टी बरोबर घ्या. फुगवट्यांचे फोटो, आधीचे सगळे कागद आणि चार आठवड्यांची टिपण: कोणत्या दिवशी उठलं, किती वेळ राहिलं, त्या दिवशी कोणती गोळी घेतली, पाळी कधी आली. गटाच्या हिशोबाच्या वहीत मागचं एखादं पान यासाठी पुरेल. आणि डॉक्टरांना हे एक वाक्य न लाजता म्हणा: "मला सहा आठवड्यांहून जास्त पित्त उठतंय, माझा थायरॉइड तपासायचा का?"

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात सहा आठवड्यांहून जास्त पित्त उठणाऱ्या किती जणी आहेत? त्यातल्या किती जणींची टीएसएच झाली आहे?
२. पित्तावर आजवर कुणी किती खर्च केला? त्यातला उपयोगी किती ठरला?
३. आपल्यापैकी कुणाच्या आईला, बहिणीला थायरॉइड आहे?
४. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या ताई ती कधी आणि कशाबरोबर घेतात?
५. पुढच्या महिन्यात दोघी-तिघी मिळून तपासणीला जायचं ठरवता येईल का? सोबत कोण जाईल?

ठरावाच्या वहीत पाचव्या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट लिहा आणि पुढच्या बैठकीत परतफेडीच्या हिशोबाबरोबर त्याचाही आढावा घ्या.